पुस्तकाचें वय

मनुष्याचें वय त्याच्या अंगरख्यावरून कोणी ठरवीत नाहीं. परंतु पुस्तकाचें वय मात्र बहुतेक लोक त्याच्या वेष्टनावरून ठरवितात. पुठ्ठा चकचकीत, कागद कोरा, मुखपृष्ठावर चालू सालाचा आंकडा, म्हणजे पुस्तक नवें, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनहि आढळते. कथा-कादंबऱ्यांच्या बाबतींत ही समजूत निरुपद्रवी आहे. पाकशास्त्राच्या पुस्तकांतहि तिनें फारसें कांहीं बिघडत नाहीं. पण कायद्याच्या पुस्तकांत या एका समजुतीपायीं एखाद्या बहिणीचा वाटा बुडूं शकतो, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें आहे. आणि म्हणूनच हा विषय वकिलांपुढें न मांडतां, घरांत दहा माणसें वाचतात अशा या पानांत मांडण्याचें योजिलें आहे.

वास्तविक आमचा आणि कायद्याचा संबंध मुळांत कांहींच नाहीं. शालान्त परीक्षा, त्यापुढें पाठशाळेंतलें संस्कृत, आणि नंतर वर्धा जिल्ह्यांतील एका शाळेंत मुलांकडून शब्दरूपें व संधि घोकून घेण्यांत गेलेलें आयुष्य, एवढेंच आमचें भांडवल. सेवानिवृत्तीनंतर तालुक्याच्या गांवच्या वकीलसंघानें विचारलें, "गुरुजी, आमच्या ग्रंथालयाची जरा व्यवस्था लावून द्याल काय?" ग्रंथालय म्हणजे न्यायालयाच्या आवारांतील एक लांबट खोली, अकरा कपाटें, एक मोठें मेज आणि मे महिन्यांत भट्टीसारखें तापणारें पत्र्याचें छप्पर. दुपारचे दोन तास द्यावयाचे ठरलें. त्यास आतां सहा वर्षें होऊन गेलीं.

तेथें गेल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, ही सृष्टि आम्हांस अगदींच अपरिचित नाहीं. पाणिनीचीं सूत्रें, त्यांवर कात्यायनाचीं वार्त्तिकें आणि त्यांवर पतंजलीचें महाभाष्य. तसाच येथें मूळ कायदा, त्यांत वेळोवेळीं झालेल्या सुधारणा आणि त्यांवर वरिष्ठ न्यायालयांनीं दिलेले निवाडे. फरक एवढाच कीं, पाणिनीच्या सूत्रांत आतां कोणी अक्षर बदलीत नाहीं. येथें मात्र सूत्रहि बदलतें, वार्त्तिकहि बदलतें, आणि काल प्रमाण मानलेलें भाष्य आज अप्रमाण ठरतें. व्याकरणाची जुनी प्रत हातीं असली म्हणून विद्यार्थी नापास होत नाहीं. कायद्याची जुनी प्रत हातीं असली तर पक्षकार बुडतो.

वर्धा म्हटलें कीं लोकांस सेवाग्राम आठवतें, पवनारचा आश्रम आठवतो. आमच्या कपाटांतून या जिल्ह्याचा एक निराळाच इतिहास उभा आहे. १८६२ सालीं नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा मध्यप्रांतांत होता, आणि येथील दाव्यांचें अखेरचें ठिकाण नागपूरचें ज्युडिशियल कमिशनरांचें न्यायालय होतें. १९३६ सालीं नागपुरास उच्च न्यायालय झालें. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यांत गेला, नागपूरचें उच्च न्यायालय जाऊन तेथें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ आलें, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. म्हणजे आमच्या वकिलांस दोन घराण्यांचे ग्रंथ लागतात. एक माहेरचें, नागपूरचें. दुसरें सासरचें, मुंबईचें. १८७५ च्या कायद्यानें सुरू झालेले सरकारी 'इंडियन लॉ रिपोर्ट्स', १८९९ पासूनचा 'बाँबे लॉ रिपोर्टर', आमच्याच नागपुरास व्ही. व्ही. चितळे यांनीं उभा केलेला, १९१४ पासूनचे निवाडे देणारा 'ऑल इंडिया रिपोर्टर', १९५० पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल, आणि १९६९ पासून लखनौहून निघणारें 'सुप्रीम कोर्ट केसेस', अशा या रांगा आहेत. कुळकायद्याचेंच पाहा. पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा, मराठवाड्याचा हैदराबाद राज्यांतला १९५० चा आणि आमच्या विदर्भाचा १९५८ चा. कुळकायद्याचें पुस्तक मागवा म्हटल्याबरोबर मुंबई-पुण्याच्या दुकानांतून जें पुस्तक येईल तें वर्ध्याच्या शेतकऱ्यास लागू पडेलच असें नाहीं.

आतां हें सर्व येतें कसें तें सांगतों. निवाड्यांचे सुटे भाग येतात, कांहीं आठवड्यास, कांहीं महिन्यास. वर्षाची वर्गणी आगाऊ भरावी लागते. वर्ष संपल्यावर अनुक्रमणिका आणि शीर्षकाचें पान येतें. त्याची वाट न पाहतां बांधणी केली तर ग्रंथ डोक्यावांचून राहतो. मधला एखादा भाग टपालांत गहाळ झाला तर तो तत्काळ मागावा लागतो. वर्षभरानें मागितल्यास प्रकाशकाजवळहि सुटी प्रत उरलेली नसते, आणि एका भागाच्या उणिवेनें सबंध वर्षाच्या संचाची किंमत उतरते. शिवाय ज्या निवाड्याची गरज पडावी तो नेमका त्याच भागांत असावयाचा, हा तर सर्व ग्रंथालयांचा सनातन अनुभव आहे!

टीकाग्रंथांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यासाठीं प्रकाशकाकडे 'कायम मागणी' नोंदविलेली असते. नवा खंड निघाला कीं तो न विचारतां पाठवावयाचा आणि आपण देयक भरावयाचें. गृहिणींस समजेल अशा भाषेंत सांगावयाचें तर हा रतीब आहे. रतीब लावतांना एक शब्द पुरतो. बंद करतांना दहा निरोप धाडावे लागतात. आम्हीं काम हातीं घेतलें तेव्हां असे रतीब कोणी, कधीं व किती लावले याची एकत्र नोंद कोठेंच नव्हती. ज्या वकिलांनीं ते लावले त्यांपैकीं कांहीं दिवंगत झाले होते, कांहीं नागपुरास जाऊन स्थायिक झाले होते. देयकें मात्र नियमानें येत होतीं. एकाच ग्रंथाच्या दोन-दोन प्रती दोन निरनिराळ्या विक्रेत्यांकडून येत होत्या. हा पैसा कोणाचा? ज्या तरुण वकिलास आठवड्यांत दोन दिवस रिकाम्या खिशानें घरीं जावें लागतें, त्याच्या वर्गणीचा. म्हणून आम्हीं पहिलें काम हें केलें कीं, शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही आंखली आणि प्रत्येक वर्गणीस तींत एक ओळ दिली: कोणाकडून, केव्हांपासून, केव्हांपर्यंत, आणि बंद करावयाची तर कोणत्या महिन्यापूर्वीं कळवावयाचें. त्या एका वहीनें पहिल्याच वर्षीं जें वांचलें त्यांत दोन कपाटांची बांधणी झाली.

परंतु वर्गणीचा घोटाळा हा पैशाचा घोटाळा होय. पुनर्मुद्रणाचा घोटाळा त्याहून खोल आहे. आवृत्ति आणि पुनर्मुद्रण यांत भेद आहे. नवी आवृत्ति म्हणजे ग्रंथकारानें किंवा संपादकानें मजकूर पुन्हा तपासला, नवे निवाडे घातले, रद्द झालेलें काढलें. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. जुन्या पोथ्यांच्या भाषेंत बोलावयाचें तर एक संस्करण आहे, दुसरी नुसती नक्कल. नक्कल वाईट नव्हे. जीर्ण झालेल्या जुन्या अहवालांचें पुनर्मुद्रण कोणी करील तर तो उपकारच आहे, कारण जुना निवाडा अक्षरशः जुनाच हवा असतो. पण टीकाग्रंथाची नक्कल नव्या सालाचा टिळा लावून आली कीं ती वाचकास फसविते.

एक प्रसंग सांगतों. चार वर्षांपूर्वींची गोष्ट. एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण, दोघेंहि प्रौढ, ग्रंथालयांत येऊन बसलीं. वडील १९९८ सालीं वारलेले. देवळी तालुक्यांतली वडिलोपार्जित जमीन तोंवर एकत्र. आतां रीतसर वांटणी करावी म्हणून दोघे भाऊ व बहीण यांनीं विचार केला होता. भांडण नव्हतें. त्यांचे वकील न्यायालयांत गुंतले होते. मेजावर हिंदु कायद्यावरील एक जाडजूड टीकाग्रंथ होता. कायम मागणीनें आठवड्यापूर्वींच आलेला, मुखपृष्ठावर २०२२ हें साल, आणि देयक अजून त्यांतच खुणेसारखें घातलेलें. भावानें तो उघडला. कलम ६ खालीं स्वच्छ छापलें होतें कीं, ९ सप्टेंबर २००५ रोजीं, म्हणजे सुधारणा अंमलांत आली त्या दिवशीं, वडील हयात असतील तरच मुलीस सहदायादाचा हक्क मिळतो. त्यानें तें वाचून दाखविलें. आवाजांत आनंद नव्हता, पण सुटकेचा एक सूर होता. बहीण म्हणाली, "दादा, पुस्तकांत आहे तसंच कर. मला कज्जा नको."

ती एवढें बोलून पिशवी उचलूं लागली. आम्ही कायदेपंडित नव्हे. तथापि कोणतेंहि पुस्तक हातीं आलें कीं शीर्षकाच्या पानाची मागची बाजू पाहण्याची आमची जुनी खोड आहे. ती पाहिली. बारीक अक्षरांत होतें: आवृत्ति २०१६, पुनर्मुद्रण २०२२. आम्हीं म्हटलें, "ताई, जरा थांबा. या पुस्तकाला सहा वर्षांत काय झालं तें ठाऊक नाहीं." आणि अहवालांच्या रांगेंतून २०२० चा खंड काढून त्यांच्यापुढें ठेविला. १५ वर्षें न्यायालयांतून ज्या प्रश्नाचा खल चालला होता त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या प्रकरणांत दिला होता: मुलीचा हक्क जन्मानें आहे, २००५ सालीं वडील हयात असण्याची अट नाहीं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर वांटणी होऊन गेली असेल तर ती उकरून काढतां येत नाहीं. २०१५ सालचा ज्या निवाड्यावर त्या टीकाग्रंथाचा भर होता, तो या निकालानें रद्द ठरला होता.

इतक्यांत वकील आले व त्यांनीं हेंच सांगितलें. त्या भावाचें आम्हांस कौतुक वाटलें. त्यानें पुस्तक मिटलें आणि म्हणाला, "मग तीन वांटे. आम्ही भांडायला आलोंच नव्हतों, गुरुजी. नीट काय तें विचारायला आलों होतों." बहीण कांहीं बोलली नाहीं. पिशवी तिनें पुन्हा खालीं ठेविली, एवढेंच.

त्या ग्रंथाच्या प्रकाशकास आम्हीं पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं, मागणी 'ताज्या छपाईची' होती आणि छपाई ताजी आहे. शब्दांत खोटें कांहींच नव्हतें! दुसऱ्या पत्रानंतर ग्रंथ परत घेतला गेला. आम्ही त्यास दोषी ठरवीत नाहीं. परंतु तो ग्रंथ त्याच महिन्यांत आणखी किती मेजांवर जाऊन बसला असेल आणि तेथें त्याचें मागचें पान कोणी पाहिलें असेल काय, हा विचार मनांतून जात नाहीं.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत कायद्याच्या ग्रंथालयांनीं अशाच तक्रारी केल्या: जुना मजकूर नव्या नांवानें येतो, न मागितलेले खंड येतात, पुरवण्यांची किंमत अगोदर सांगत नाहींत. अखेर तेथील सरकारच्या व्यापार-आयोगानें १९७५ सालीं कायद्याच्या पुस्तकांच्या धंद्यासाठीं मार्गदर्शक नियम काढले. पुनर्मुद्रण असेल तर तसें स्पष्ट सांगावें, हें त्यांतलें एक. २००० सालीं तेहि नियम मागें घेण्यांत आले. तात्पर्य, नियम येतात आणि जातात. ग्रंथालयांत बसणाऱ्याचा डोळा हाच कायमचा रखवालदार.

त्या प्रसंगापासून आम्हीं एक पद्धत घातली आहे. प्रत्येक टीकाग्रंथाच्या आंतल्या पुठ्ठ्यावर आम्ही एक चिठ्ठी डकवितों. तींत चार ओळी. पहिली, आवृत्ति कोणती व कोणत्या सालची. दुसरी, पुनर्मुद्रण असल्यास त्याचें साल. तिसरी, ग्रंथांतला कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे. ही तारीख बहुधा प्रस्तावनेच्या अखेरीस सांपडते. चौथी, या ग्रंथानें आपल्याजवळच्या कोणत्या ग्रंथाची जागा घेतली. तिसरी ओळ हेंच पुस्तकाचें खरें वय होय. छापखान्याची तारीख म्हणजे न्हाऊन-माखून नवे कपडे घातल्याची तारीख.

चौथ्या ओळीवरून वकीलसंघांत मोठा वाद झाला. १ जुलै २०२४ रोजीं भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अंमलांत आले. १८६० चा ५११ कलमांचा दंडविधान गेला व ३५८ कलमांची संहिता आली. पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेलें खुनाचें ३०२ हें कलम १०३ झालें. म्हणींत जाऊन बसलेलें ४२० हें ३१८ मध्यें गेलें. तरुण मंडळी म्हणालीं, "गुरुजी, आतां जुनीं पुस्तकें रद्दींत काढूं आणि जागा मोकळी करूं." आम्हीं विनंती केली कीं, ३० जून २०२४ रोजीं रात्रीं घडलेला गुन्हा कोणत्या कायद्यानें ठरेल तेवढें सांगा. तो जुन्याच कायद्यानें ठरावयाचा. आणि असे खटले न्यायालयांतून अजून वर्षानुवर्षें चालतील. शिवाय नव्या कलमांत जुन्यांतलें पुष्कळ शब्दशः आलें आहे. त्याचा अर्थ लावण्यास जुनेच निवाडे लागतील. पुस्तकें राहिलीं. त्यांवर आम्हीं तांबड्या शाईनें 'मृत' असें लिहिलें नाहीं. 'अमुक तारखेपूर्वींच्या कृत्यांसाठीं' असें लिहिलें.

जमिनीच्या दाव्यांत तर हें अधिकच खरें. या भागांतली मालगुजारी १९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ रोजीं संपली. तरी गांवाच्या तळ्याचें पाणी, चराई, जळाऊ लांकूड यांवरचे हक्क पाहतांना जुनें वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक काढावें लागतें; १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि हे शब्द राहिले आहेत. त्या काळच्या हक्काचा अर्थ त्या काळच्या पुस्तकांतच सांपडतो. मध्यप्रांताचा १९२० चा कुळकायदा आमच्या येथें सर्वांत खालच्या कप्प्यांत, वेखंडाच्या पुरचुंड्यांसह ठेविला आहे. कारण कसर आणि वाळवी यांस कायद्याची आवृत्ति कळत नाहीं.

कोणी म्हणेल, आतां सर्व कांहीं पडद्यावर दिसतें. ही हमाली कशास? पडद्याचा उपकार आम्ही नाकारीत नाहीं. २०२३ च्या जानेवारीपासून सर्वोच्च न्यायालयानें आपले अधिकृत अहवाल विनामूल्य खुले केले, ही गरीब वकिलावर मोठीच कृपा झाली. ज्या मालिका आम्ही केवळ त्या निवाड्यांसाठीं घेत होतों त्यांपैकीं एक आम्हीं बंदहि केली. निवाड्याचा मूळ मजकूर ही सर्वांची मालमत्ता असून संपादकानें स्वबुद्धीनें घातलेली भर तेवढी त्याची, असें सर्वोच्च न्यायालयानें २००७ सालींच ठरविलें आहे. तेव्हां पैसे द्यावयाचे ते शीर्षटिपा व अनुक्रमणिका यांच्या श्रमासाठीं, हें समजून द्यावे. परंतु एक भेद ध्यानांत ठेवावा. छापील अहवालाची वर्गणी बंद केली तरी मागचे खंड आपल्या कपाटांत राहतात. पडद्यावरच्या खाजगी संग्रहाची वर्गणी थांबली कीं दार बंद होतें आणि हातीं कांहींच उरत नाहीं. एक विकत घेतलेलें घर, दुसरें भाड्याचें. दोन्हीं चालतात; कोणतें कोणतें आहे हें वहींत लिहिलेलें असावें.

आतां वाचकांच्या घराकडे वळतों. अनेक घरांत आजोबा किंवा पणजोबा वकील होते. त्यांचें काळ्या-तांबड्या पाठीच्या ग्रंथांचें कपाट माडीवर अजून आहे. घरांत जागेची टंचाई झाली कीं प्रथम त्यावर नजर जाते. आमचें सांगणें एवढेंच कीं, तें रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं एक दुपार त्यासमोर बसावें. जुने टीकाग्रंथ घरांतल्या वांटणीसाठीं वा मृत्युपत्रासाठीं प्रमाण मानूं नयेत. त्या कामीं आजचा वकीलच विचारावा. उलट निवाड्यांचे अहवाल, विशेषतः नागपूरचे व प्रिव्ही कौन्सिलचे, तुटक असले तरी टाकूं नयेत. प्रिव्ही कौन्सिलाकडे जाणारीं अपिलें १९४९ सालीं बंद झालीं, पण त्याचे निवाडे अजूनहि न्यायालयांत वाचले जातात. तुमच्या माडीवरचा एक सुटा खंड एखाद्या तालुक्याच्या ग्रंथालयांतली रिकामी जागा भरून काढील. देणगी देतांना खंडांचीं सालें एका कागदावर उतरून अगोदर वकीलसंघास दाखवावीं. पोतीं भरून दारांत नेऊन टाकूं नयेत. ज्याच्या उपयोगाची वस्तु त्यास यादीसह देणें हें दान. नकोशी वस्तु दुसऱ्याच्या दारीं ठेवणें हें केवळ स्थलांतर.

आणि घरांत कायद्याचें एखादें नवें पुस्तक आलें, तर मुलासुनांनीं, लेकींनीं एवढें अवश्य करावें: शीर्षकाचें पान उलटून त्याची मागची बाजू वाचावी. तेथें दोन-तीन ओळींच असतात. आमच्या ग्रंथालयांत आतां नवीन वकील आला कीं, त्यास प्रथम तेंच पान दाखवितों. मग कपाटाची किल्ली देतों.